नकाशेकाका आणि हळदीचा डाग

नकाशेकाका नकाशाला कधी बोट लावत नसत. पेन्सिलीचं उलटं टोक कागदाच्या गव्हाभर वर धरून ते वाचत. उभी नोकरी पुण्यात नकाशे काढण्यात गेलेली. म्हातारपणी मुलीकडे न्यूझीलंडला, ख्राइस्टचर्चला आले. मीही तसाच, मुलाकडे आलेला निवृत्त इंजिनिअर.

२०११च्या भूकंपानंतर जवळच्याच कँटरबरीच्या सपाट मैदानी भागातल्या एका गावच्या हॉलमध्ये कपाटभर जुने नकाशे येऊन पडले होते. २०१४ साली दर गुरुवारी आम्ही तिथे बसून नकाशात असलेल्या, पण आज नसलेल्या शाळा, स्टेशनं, पाणचक्क्या यांची यादी करायचो. "इथे चढउतार नाहीत म्हणून खूश होऊ नका, साहेब," काका म्हणायचे. "सपाट जागेतच माणूस चुकतो. त्यात तुम्ही इंजिनिअर!"

डबा त्यांच्या मुलीचा, दोघांपुरता. तो बाहेरच्या बाकावरच खायचा, हा काकांचा नियम. मग साबणाने दोनदा हात धुऊन ते तळवे माझ्यापुढे धरत. "करा तपासणी."

एका गुरुवारी बोचरा वारा होता. काका फोन घ्यायला बाहेर गेले आणि मी आतच डबा उघडला. थालीपीठ, लोणचं. नकाशावरचं एक नाव नीट दिसेना म्हणून वाकलो आणि बोट टेकलं. एका शाळेवर पिवळा, तेलकट डाग उमटला. काका परतले. त्यांनी डाग पाहिला, मग माझी नखं. "डबा बंद करा," एवढंच म्हणाले.

पुढच्या गुरुवारी हॉलच्या सेक्रेटरी मार्गरेटने त्यांनाच जाब विचारला, कारण डबा त्यांच्या पिशवीतून निघायचा. यापुढे तुम्ही न आलेलं बरं, असं तिने सांगितलं. काका "सॉरी" म्हणाले. मी चष्मा पुसत राहिलो.

परतताना गाडीत मी म्हणालो, "काका, मी सांगतो तिला."

"कधी?"

मी गिअर बदलला.

लाजेने मी पुन्हा हॉलकडे फिरकलो नाही. काकांचे फोनही टाळले. पुढे ते पुण्याला परतले आणि तिथेच वारले.

२०१९ मध्ये मी मार्गरेटला खरं सांगितलं. तिने फाइल आणली. त्यात काकांचं पत्र होतं, छापल्यासारख्या इंग्रजी अक्षरांत: चूक माझी आहे. माझ्या मित्राला मात्र येऊ द्या. त्याला आता काम समजलं आहे. अकरा नकाशे राहिलेत.

"तुमची खुर्ची आम्ही कितीतरी गुरुवार मांडून ठेवत होतो," ती म्हणाली.

कपाटात अकराही तसेच होते. मी साबणाने दोनदा हात धुऊन आलो. तळवे दाखवायला समोर कोणी नव्हतं.