जुन्या गाडीचा भित्रा मिस्त्री

"भ्या वाटतंय हां," असं आधी म्हणायचं, मग उजव्या हाताचा तळवा पत्र्यावर सपाट ठेवायचा, क्षणभर तसंच उभं राहायचं आणि नंतरच हातोडा उचलायचा. मिस्त्रींचं प्रत्येक काम असं सुरू व्हायचं. स्कूटरच्या मडगार्डला पोचा आलेला असो की ट्रकची अख्खी केबिन चेपलेली असो, भ्या तेवढंच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तुम्ही महाडहून पोलादपूरकडे गेला असाल, तर गाव मागे पडता पडता त्यांची शेड तुम्हाला लागली असेल. लक्षात राहण्यासारखी ती नव्हतीच. वर सिमेंटचे पत्रे, तिन्ही बाजूंना जुन्या गाड्यांचे दरवाजे उभे करून केलेल्या भिंती. आत पन्नाशीचा, सडपातळ, दाढी बारीक कातरलेला माणूस एकटाच ठोकत बसलेला. आखातात अकरा वर्षं गाड्यांच्या बॉडीचं काम करून ते परत आले होते. तिकडे पगार चांगला असताना का परतले, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तिकडं लय गरम होतं." महाडच्या मे महिन्यात घामाने निथळत ते हे सांगायचे, आणि आपण हसायचं की नाही ते कळायचं नाही.

मी तेव्हा बिरवाडीला खोली घेऊन राहत होतो आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. माझी स्कूटर म्हशीला धडकली, स्कूटरचं तोंड सरळ करायला मी त्यांच्याकडे गेलो आणि मग जातच राहिलो. सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचं, चहा प्यायचा, काम बघायचं. काम बघण्यासारखं होतं. पत्रा त्यांच्या हाताखाली हळूहळू नरम पडायचा.

माणूस मात्र कमालीचा भित्रा. कुत्र्याला भ्यायचे, न्हाव्याच्या वस्तऱ्याला भ्यायचे. हायवे ओलांडताना दोन्ही बाजूंना चार चार वेळा बघायचे, आणि रस्ता मोकळा असला की जास्तच घाबरायचे. त्यांच्या सुईच्या भीतीची गोष्ट तर महाडच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होती. पत्र्याने हात कापला म्हणून ते आमच्या डॉक्टरांकडे गेले, धनुर्वाताचं इंजेक्शन भरलेलं बघितलं आणि खुर्चीसकट मागे कोसळले. टाके हाताला पडायचे ते डोक्यालाही पडले.

याच डॉक्टरांनी त्यांच्यासमोर ते मोठं काम आणून ठेवलं.

डॉक्टरांचे वडीलही डॉक्टर होते. पाचाडपासून पोलादपूरपर्यंत ते ज्या गाडीतून रोगी बघत फिरले, ती जुनी विलायती गाडी अजून घरामागे उभी होती. गोल पाठीची, पुढे दोन फुगीर दिवे असलेली. इंजिन केव्हाच मेलं होतं. वडिलांना एकदा त्या गाडीने महाबळेश्वरचा घाट चढायचा होता, आणि दरवेळी पहिल्या चार वळणांत तिच्या नाकातून वाफ निघायची. वडील गेले. आता डॉक्टरांच्या मनाने घेतलं होतं की गाडी घाट चढलीच पाहिजे. त्यांनी मुंबईहून एक परदेशी जीपगाडी आणवली. अपघातात वरचा भाग भुगा झालेली, पण खाली चॅसीचा लोखंडी सांगाडा, इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळं नवं आणि दणकट. वडिलांच्या गाडीची बॉडी उचलायची आणि या चॅसीवर बसवायची. कागदपत्रं आणि परवानगी डॉक्टर बघणार होते.

मिस्त्रींनी दोन्हीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "डॉक्टर, मला भ्या वाटतंय. हिला चालायची सवय हाय, ती जीप पळणारी हाय."

डॉक्टर हसले. "तुम्हाला सुईचंही भ्या वाटतं, मिस्त्री."

काम सुरू झालं आणि मोजमापं घ्यायला, आकृत्या काढायला मिस्त्रींनी मला धरलं. मी खुशीने गेलो. कारखान्यात पाइपांच्या आकृत्या काढून कंटाळलो होतो, इथे खरीखुरी गाडी होती.

चॅसी नऊ इंचांनी लांब निघाली. बॉडी ताणायला डॉक्टर तयार नव्हते, वडिलांच्या गाडीचा आकार बदलायचा नाही म्हणाले. म्हणजे चॅसी मधून कापून, आखूड करून जोडायची. त्या जोडाच्या धास्तीने मिस्त्री आठवडाभर नीट जेवले नसतील. वेल्डिंगला पुरे दोन दिवस लावले. बोटभर जोडायचं, थांबायचं, निवू द्यायचं, पुन्हा बोटभर. वरून जाड पट्ट्या. शेवटी जॅक लावून जोडावर सगळा भार दिला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोर स्टूल टाकून बसून राहिले. मी म्हटलं, "मिस्त्री, तो आता हलायचा नाही." ते म्हणाले, "नाय हलला तर बरंच हाय. बसल्याला काय लागतंय?"

मग ब्रेकच्या पंपाची पाळी आली. इंजिन आणि बसणारी माणसं यांच्यामध्ये आडवा पत्रा असतो. पायाखालचं पेडल, त्यामागचा पंप, हे सगळं त्या पत्र्यालाच बोल्टने धरलेलं असतं. जुन्या गाडीचा हा पत्रा जुन्या, हलक्या ब्रेकसाठी केलेला होता. नव्या गाडीचा पंप भलताच जड, आणि पाय जोरात पडला तर सगळा रेटा त्या पत्र्यावर येणार. मी आकृती काढली: मागून एक पट्टी, चार बोल्ट.

मिस्त्रींनी आकृती उजेडात धरली, तळवा पत्र्यावर ठेवला. "धरंल ना रे हा?"

तुम्हाला खरं सांगतो, मी काहीही गणित केलेलं नव्हतं. करता येत होतं. कागद समोर होता, पेन्सिल कानावर होती. पण त्यांना सगळ्याचंच भ्या वाटतं, हे मला पाठ झालं होतं. मी म्हटलं, "धरेल हो."

"तू म्हणतोस तर धरंल," ते म्हणाले आणि भोकं पाडायला घेतली.

गाडी तयार झाली तेव्हा हायवेवरचे ट्रकवाले थांबून बघायचे. गडद हिरवा रंग, तोच गोल पाठीचा जुना तोरा, आणि चावी फिरवली की आतून नव्या इंजिनाचा खोल, भरदार आवाज. महाडात आठ दिवस फिरवून झाल्यावर एका रविवारी सकाळी आम्ही पोलादपूरहून घाट चढायला लागलो. डॉक्टर चालवत होते, त्यांच्या शेजारी डावीकडे मिस्त्री, मागे मी. मिस्त्री एका हाताने दाराचं हँडल आणि दुसऱ्याने सीटची कड धरून बसले होते. गाडी अशी चढली की दोन वळणांनंतर डॉक्टर बोलायचे थांबले. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते, ओले झालेले.

वर टपरीवर चहा घेतला. डॉक्टर मालकाला वडिलांची गोष्ट सांगत होते. मिस्त्री चहा तसाच ठेवून गाडीत डोकं घालून, पेडलच्या वर बॅटरी मारून बघत होते. त्यांनी मला हाक मारली.

"हे बघ रे. बोल्टाजवळ तडकलंय."

मी वाकून बघितलं. केसाएवढी रेघ होती. नवा रंग कुठे कुठे तडकतोच. "रंग आहे तो, मिस्त्री. पत्रा नाही."

ते डॉक्टरांकडे गेले. गाडी इथेच ठेवू, आपण एसटीने उतरू, मी उद्या हत्यारं घेऊन येतो, म्हणाले. डॉक्टरांचा रविवारीही अकराचा दवाखाना होता, माणसं येऊन बसली असणार. ते चिडले नाहीत, पण कंटाळले. "तुम्ही खुशाल एसटीने जा, मिस्त्री. मी हळू उतरवतो."

मिस्त्री तिथेच उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मग म्हणाले, "गाडी मी जोडलीय," आणि जाऊन आपल्या सीटवर बसले.

पुढचं मला अजून स्वप्नात दिसतं, आणि स्वप्नात ते फार लांबतं. खरं तर सगळं मिनिटभराचं. चारपाच वळणं उतरल्यावर एका तीव्र उतारावर डॉक्टरांनी ब्रेक दाबला आणि डब्याचं झाकण उडावं तसा आवाज झाला. ब्रेक लागला नाही. पेडल पंपासकट पुढे गेलं होतं. पत्रा फाटला होता.

डॉक्टर पाय आपटत राहिले. मी मागच्या सीटवर गोठलो. गुडघे आपोआप पोटाशी आले. समोर वळण होतं, उजवीकडे नुसतं आकाश होतं, आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: मी धरेल म्हणालो होतो.

अशा वेळी मिस्त्री बोलले. हळू बोलले, जणू शेडमध्ये पाना मागतायत.

"डॉक्टर, ब्रेक सोडा. परत दाबू नका. गिअर खाली घ्या."

दोघांच्या मध्ये हँडब्रेक होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी थोडा थोडा वर ओढायला सुरुवात केली. मागची चाकं किंचाळली, गाडी मागून हलली, वेग कमी झाला. पण पुरेसा नाही. वळण जवळ येत होतं. डावीकडे गटार आणि त्याला लागून कापलेला डोंगर होता.

"डावीकडं घ्या," मिस्त्री म्हणाले. "डोंगराला घासा."

"तुम्ही आहात तिकडे," डॉक्टर ओरडले.

"माझ्या बाजूला घ्या. घ्या."

डॉक्टरांनी स्टिअरिंग फिरवलं. डावी चाकं गटारात उतरली, डोंगराने अख्खी डावी बाजू पुढून मागे सोलत नेली. काचा, माती, दगड. दार आत आलं. मग गाडी थांबली आणि एकाएकी इतकं शांत झालं की खालच्या दरीतला कुणाचा तरी गुरं हाकण्याचा आवाज ऐकू आला. वळण दहा पावलांवर होतं.

मिस्त्रींचा डावा हात दार आणि सीटच्या मध्ये अडकला होता. कोपर जिथे वळायला हवं तिथे वळत नव्हतं. डॉक्टरांनी दोन फांद्या तोडून, स्वतःचा शर्ट फाडून हात बांधला. त्यांना गाठ मारता येईना, ती मला मारावी लागली. वर येणाऱ्या टेम्पोवाल्याने टेम्पो वळवला आणि आम्हाला पोलादपूरला दवाखान्यात आणलं. तिथे नर्स सुई घेऊन आली तेव्हा मिस्त्रींनी तोंड फिरवलं आणि माझा हात घट्ट धरला.

डॉक्टर बाहेर गेल्यावर मी सांगून टाकलं. गणित केलं नव्हतं, रेघ नीट बघितली नव्हती, असंच बोललो होतो.

मिस्त्रींनी मला आखातातली गोष्ट सांगितली. तिथल्या एका श्रीमंत पोराच्या गाडीची अशीच जोडाजोड झाली होती. बॉडी मिस्त्रींनी केली, खालचं काम दुसऱ्याने. एक जोड मिस्त्रींना बरा वाटला नव्हता. आपण नवे, आपलं कोण ऐकणार, म्हणून ते गप्प राहिले. गाडी रस्त्यावर मोडली, पोराचे पाय गेले. मिस्त्रींना कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

"मी तुला एकदा विचारलं आणि सोडलं," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा विचारायला पायजे होतं. लोक हसतात म्हणून मी गप बसलो. तुझं एकट्याचं नाय ते." थोड्या वेळाने म्हणाले, "आता कागदावर गणित कर. मला समजलं नाय तरी कर."

मी केलं. तीन वेळा केलं, कारखान्यातल्या इंजिनिअरसाहेबांना दाखवलं. माझी पट्टी त्या जोराच्या चौथ्या हिश्श्यालाही पुरणारी नव्हती. प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून मिस्त्री स्टुलावर बसले, डोंगराने सोललेली बाजू माणगावहून बोलावलेल्या एका कारागिराने त्यांच्या सांगण्यावरून घडवली, आणि ब्रेकच्या पंपामागे बोटभर जाडीची प्लेट बसून तिचे दोन भक्कम हात थेट खाली चॅसीला गेले. कापून जोडलेल्या त्या चॅसीला एवढ्या आपटीतही काही झालं नव्हतं. मिस्त्रींनी तो जोड मला हाताने चाचपायला लावला. बढाई म्हणून नव्हे. मला कळावं म्हणून.

गाडी अजून चालते. डॉक्टर ती हळू चालवतात आणि आता कुणी घाबरलं तर त्याला हसत नाहीत.

मिस्त्रींचं कोपर मात्र अर्ध्यावरच राहिलं. डाव्या हातात पत्रा धरता येईना, आणि धरल्याशिवाय ठोकता येत नाही. वर्षभर त्यांनी शेड उघडी ठेवली. लोक यायचे, ते बघून सांगायचे, काम दुसरीकडे जायचं. मग ते श्रीवर्धनला लेकीकडे राहायला जायचं म्हणाले. तिथेच दोन पावसाळ्यांनी ते गेले. मला कळलं तेव्हा चार दिवस उलटले होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते महाडच्या डेपोत, ते निघाले त्या दिवशी. एसटी लागली होती. ते चढले नाहीत. आधी गाडीभोवती चक्कर सुरू केली, एकेका टायरपाशी वाकून बघितलं, एकाला बुटाने दाबलं. कंडक्टर म्हणाला, "चाचा, चढताय की टायर विकत घेताय?" माणसं हसली. मिस्त्रीही थोडे हसले, पण उरलेलं शेवटचं टायर बघूनच आत गेले. मी खिडकीखाली उभा राहिलो. काहीतरी बोलायचं होतं, इंजिन सुरू झालं आणि राहून गेलं. त्यांनी चांगल्या हाताने समोरच्या सीटचा दांडा धरला. गाडी हलली तसे त्यांनी डोळे मिटून घेतले.