केवळ राहण्यासाठी

चांगल्या कामाला चार माणसं जमली की काम थोडं आणि किस्से उदंड! टाळेबंदीत सीमाभागातल्या आमच्या वडगावात आमचा मदतगट होता, तेव्हाचे किस्से आम्ही अजून सांगतो. बऱ्याचदा हसतो. सगळ्याच किश्श्यांना नाही.

*

भाडेकरूंना राहत्या घरातून काढू नये, असा सरकारी हुकूम आला. कागद कन्नडमध्ये. आमच्या संदीपनं त्याचं मराठी केलं आणि आम्ही ते गल्लोगल्ली चिकटवत सुटलो. एक म्हातारे घरमालक बाहेर आले. आता हे भांडणार, म्हणून आम्ही तयारीत. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि संदीपला हळूच विचारलं, "मालकाला काढायचं न्हाय, असं कुठं लिवलंय काय रं? सून लई मागं लागलीया."

*

दुसऱ्या एका मालकानं हुकूम तंतोतंत पाळला. रोज सकाळी भाडेकरूच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि निघणार कधी, ते विचारायचा. संदीप जाब विचारायला गेला, तर म्हणाला, "काढतोय कुठं? इचारतोय."

विचारायला बंदी नव्हती. आठवडाभरात भाडेकरू स्वतःहून निघून गेला.

*

सुमनआक्कांचं प्रकरण मात्र मी हातात घेतलं. पुढच्या खोलीत साड्यांचा यंत्रमाग, मागच्या खोलीत आक्का आणि दोन मुली. मालक म्हणे, जागा खाली करा; हा कारखाना आहे, घर नाही. हुकूम लागू नाही. मी तिथंच बसून तहसीलदारांना अर्ज लिहिला : ही जागा केवळ राहण्यासाठी आहे. वाचून दाखवला.

"मागाचं नाव न्हाय गं ह्यात?" आक्कांनी विचारलं.

"नाव घेतलं की हुकूम लागू होणार नाही, आक्का. सही करा."

आधी मालकाशी बोलून बघू, असं त्या म्हणत होत्या. मला तेवढा धीर नव्हता. हक्क असताना विनवण्या कशाला!

अर्ज मंजूर झाला. चौथ्या दिवशी मालक त्याच अर्जाची नक्कल घेऊन आला. जागा केवळ राहण्यासाठी, तर इथं माग कसा? मी बरंच काही बोलले. त्यानं माझ्या अक्षरावर बोट ठेवलं.

माग सुटा करून बेळगुंदीला, आक्कांच्या भावाच्या गोठ्यात गेला.

पुढच्या महिन्यात हुकुमाची मुदत वाढली. ते सांगायला मी धावत गेले. पुढच्या खोलीत फरशीवर मागाच्या पायांच्या चार खुणा तेवढ्या होत्या. आक्कांनी बसवून घेतलं, चहा दिला.

"घर लई मोठं झालं गं," त्या म्हणाल्या.