दशावताराचा चार्ट त्यांनी लावला नव्हता

मोघे टीचरबद्दल काल शाळेच्या शोकसभेत जे सांगितलं गेलं, ते खोटं आहे.

मी इथे सहसा काही लिहीत नाही. आज लिहितेय, कारण ते खोडून काढायला त्या आता नाहीत.

परवा सकाळी त्या गेल्या. हार्ट. कृष्णपुऱ्याच्या घरी पूजा आटोपून चहाला बसल्या होत्या.

काल त्यांच्या फोटोला हार घातल्यावर प्रिन्सिपल सरांनी माइकवर सांगितलं, की मोघे मॅडमनी मुलांना उत्क्रांती दशावतारातून शिकवली. विज्ञान आणि धर्म यांचा संगम घडवला.

नाही घडवला.
नकार दिला. आणि त्यापायी त्यांचा दहावीचा वर्ग गेला.

नकार दिला तेव्हा मी प्रिन्सिपल सरांच्या केबिनमध्ये होते.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी: इंदूरच्या एका शाळेत त्या आम्हाला बायोलॉजी शिकवायच्या. मी आता पलासियातल्या एका लॅबमध्ये डीएनएचे रिपोर्ट वाचते. सुरुवात त्यांच्या वर्गात झाली.

उत्क्रांतीच्या पहिल्या तासाला त्या पुस्तक उघडू द्यायच्या नाहीत.
अंगठा आणि करंगळी जोडा, म्हणायच्या. आता मनगट जरा आत वाकवा.

मनगटाच्या मधोमध दोरीसारखा एक टेंडन वर येतो. काहींच्या येतो, काहींच्या नाही. काहींच्या एकाच हातात असतो.

मग हजेरी. त्या दिवशी 'प्रेझेंट टीचर' म्हणायचं नाही. 'दोन्हीत', 'डाव्यात', 'नाही', जे असेल ते सांगायचं.

माझ्या शेजारच्या मुलाच्या एकाही हातात नव्हता. मागच्या बाकावरून लगेच आलं, "भिया, तेरा तो पार्ट कंपनी से ही नहीं आया."

टीचर पण हसल्या. मग म्हणाल्या, झाडांवर हातांनी हिंडणाऱ्या माकडांना हा लागतो. याचं त्याच्याशिवाय काही अडलंय का? नाही ना? का नाही, ते आता पुस्तकात बघा.

एकदा एका मुलाच्या आईने ऐकलं की टीचर हात बघतात. त्या थोरल्या मुलीची पत्रिका घेऊन थेट स्टाफरूममध्ये आल्या. टीचरनी त्यांनाही मनगट वाकवायला लावलं. दोन्हीत होता. लग्नाचं मात्र काही सांगता येणार नाही म्हणाल्या.

मग एका वर्षी दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला.
टीचरचा तास गेला नाही.

मल्हारगंजचे एक कपड्याचे व्यापारी तक्रार घेऊन आले. "आप बच्चों को बंदर की औलाद बता रही हैं."
"औलाद नहीं, भाईसाहब. दूर के चचेरे भाई."
ते हसले नाहीत.

त्याच आठवड्यात टीचरनी मला दहावीच्या मुलांना डीएनए समजवायला बोलावलं होतं. वर्ग संपला आणि आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावणं आलं.

प्रिन्सिपल सर आपल्यातलेच, मराठी. वाईट बोलले नाहीत. चहा मागवला. पुस्तकात नाही ते शिकवता कशाला, म्हणाले.

"पुस्तकात नाहीये सर. हातात आहे," टीचर म्हणाल्या.

मग सरांनी टेबलावर एक चार्ट उलगडला. विज्ञान प्रदर्शनासाठी छापून आणलेला. मत्स्य, कूर्म, वराह, आणि प्रत्येकाखाली एकेक उत्क्रांतीचा टप्पा.

"आपण बीचका रास्ता काढू ना मॅडम. तुम्ही शिकवा, पण यावरून शिकवा. पेरेंट्सही खूश."

इथे एक सांगायला हवं. टीचर नास्तिक नव्हत्या. संकष्टीला त्यांच्या डब्यात साबूदाण्याची खिचडी असायची आणि ती आम्हीच जास्त खायचो. विष्णुसहस्रनाम त्यांना पाठ होतं.

त्यांनी चार्ट नीट पाहिला. मग गुंडाळून परत दिला.

"सर, उद्या जमिनीतून एखादं फॉसिल निघालं आणि यातला क्रम चुकला, तर मी माझा धडा दुरुस्त करीन. मग देव पण दुरुस्त करायचा का?"

सर चार्टला रबरबँड लावू लागले.

"दोन्ही एका कागदावर नका लावू. माझ्या वर्गात तर नाहीच."

पुढच्या सोमवारी नवीन टाइमटेबल लागलं. टीचरना लायब्ररी मिळाली. रिटायर होईपर्यंत तीच.

मी चिडून फोन केला तेव्हा म्हणाल्या, "अगं, लायब्ररीत तर सगळ्या इयत्ता येतात."
आणि खरंच, पुस्तक इश्यू करायच्या आधी त्या प्रत्येक मुलाला अंगठा-करंगळी जोडायला लावायच्या.

ही बाई. आणि काल सरांनी एका वाक्यात तिच्या हाराखाली तोच चार्ट लावला.

सभेत जुन्या विद्यार्थ्यांपैकी मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी इतकंच म्हटलं, की सरांनी सांगितलं तसं झालेलं नाही. टीचरनी तो चार्ट लावायला नकार दिला होता, म्हणून त्यांचा वर्ग काढून घेतला.

मला भाषण येत नाही. त्यामुळे जे येत होतं तेच म्हटलं.

अंगठा आणि करंगळी जोडा.

आधी मागच्या रांगेतून हात वर आले. मग मधल्या. डॉक्टर झालेले, दुकान चालवणारे, गेल्या वर्षी पास झालेली पोरं. कुणीतरी म्हणालं, "दोन्हीत." कुणी, "डाव्यात." एक जण, "नाही, टीचर."

प्रिन्सिपल सरांचाही हात अर्धा वर आला होता. मग त्यांनी घड्याळाचा पट्टा नीट केल्यासारखं केलं.

शाळेच्या पेजवरही काल ते संगमवालं वाक्य टाकलं, ते अजून आहे. ते काढा. काढलं नाहीत तर ही पोस्ट त्याच्याखाली रोज चिकटवीन. टीचरना आयुष्यात जे मान्य नव्हतं, ते त्या गेल्यावर त्यांच्या नावावर चढवता येणार नाही.

देवाचं त्यांचं त्या बघून घेतील. माझ्याकडून फक्त हजेरी.

रोल नंबर सतरा.
उजव्यात, टीचर.