हजेरीचा आवाज

साताऱ्याच्या ज्या अनाथाश्रमात मी शिवण शिकवत असे, तिथली स्वयंपाकीण माणदेशातली होती. ती चुलीशी पुटपुटली तरी रस्त्यावरचा टांगेवाला वळून बघायचा.

हजेरीला ‘हजर’ म्हणेल त्याच मुलीला वर्गात घ्यायचं, असा आश्रमाचा नियम होता. आमच्याकडे एक मुकी-बहिरी मुलगी होती. समोर उभी असूनही ती रोज गैरहजर ठरायची आणि भांडी घासायला जायची.

एकदा तिचं नाव पुकारल्यावर स्वयंपाकीण पिठाच्या हातांनी दारात आली आणि ओरडली, “हजर!”

हजेरी घेणारे व्यवस्थापक दचकले. “तुम्हाला कुणी विचारलं?”

“आवं सायेब, मी हिचा आवाज हाय.”

व्यवस्थापकांनी बराच विचार केला. नियम मोडायला ते घाबरत. शेवटी म्हणाले, “मग ज्यानं हजर म्हटलं, त्यानं वर्गात बसावं.”

तेव्हापासून ती भाकऱ्या उरकून माझ्या वर्गात बसू लागली. “आवाज एकटा कुटं जातोय व्हय?” म्हणून मुलीलाही शेजारी बसवायची. वर्षभरात स्वयंपाकिणीला साधा टाका जमला नाही. मुलगी मात्र नुसतं बघून चोळ्या बेतायला शिकली.

महायुद्धामुळे कापड रेशनवर होतं, तरी परीक्षेला मुलीनं तुकडे जोडून सुरेख चोळी शिवली. पण हजेरी स्वयंपाकिणीची, म्हणून व्यवस्थापकांनी पहिला नंबर तिलाच दिला, आणि लहान मुलींना शिवण शिकवायचं कामही.

“शिकवती की,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या मुलीला मास्तरणीच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः लहान मुलींच्या रांगेत मांडी घालून बसली.