बादलीला लागलेलं बोट

"मिस की आवाज ले लो ना, सर. वैसे भी रखी-रखी खराब हो रही है."

मिस म्हणजे मी. स्टाफरूमच्या दारातच मी थांबले. आत मोठ्या मॅडम आणि कॉम्प्युटरचे सर एका लॅपटॉपवर वाकून बसले होते. सर हसले. मॅडमही हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, आणि तीच अडचण होती. मी दोन पावलं मागे गेले, चपला वाजवत पुन्हा आले, आणि काही ऐकलंच नाही असं दाखवत वह्या टेबलावर ठेवल्या.

मोठ्या मॅडम म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. घरी त्या माझ्या काकू. नात्याच्या नाहीत, त्यांचे मिस्टर आणि माझे बाबा छत्तीसगडात, दुर्गला रेल्वेत एकाच ऑफिसात होते, आणि तिथल्याच पद्मनाभपुरात आमची घरं एका भिंतीला लागून आहेत. कॉलेज संपवून मी आठ महिने घरी बसले होते तेव्हा काकू स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "चाल मायासंगं. तिसरीले टीचर पायजे मले." आईनं त्या दिवशी त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी काकूंच्या गाडीत, त्यांच्या शेजारच्या सीटवर, त्यांचा डबा मांडीवर घेऊन मी भिलाईला जायची. शाळा सेक्टर दोनच्या पुढे होती. खाली चार खोल्या, वर तीन आणि एक हॉल. अर्धा तास काकू वऱ्हाडीत बोलत असत. कोणाच्या सुनेचं काय झालं, भेंडी कुठे स्वस्त, मी अजून वाळलेलीच कावून. शाळेचं फाटक आलं की त्या हॉर्न देत आणि त्यांची भाषा बदलत असे. "गुड मॉर्निंग, मिस," त्या गाडीतून उतरताना मला म्हणत, जणू आताच भेटलो. मीही "गुड मॉर्निंग, मॅम" म्हणायची. आत त्यांना काकू म्हणायचं नाही आणि मराठी बोलायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. संध्याकाळी पुन्हा तीच सीट, रिकामा डबा. दिवसभरात मला काही पटलं नाही तरी परतीचा अर्धा तास मला त्यांच्याच शेजारी काढायचा असे, आणि मी घरी चपला काढेपर्यंत भिंतीपलीकडून आईला सगळं कळलेलं असे. त्यामुळे मला न पटण्याची वेळ मी येऊच देत नव्हते.

त्या वर्षी शाळेत आठ टॅब आले. बाकीच्या वर्गांत मुलं त्यांवर गणिताचे खेळ खेळायची. बरोबर उत्तराला टाळ्या वाजायच्या, चुकलं की भोंगा. भोंगा ऐकला की माझ्या वर्गातली दोन-तीन मुलं टॅब उलटा करून ठेवत. मग मी एक साधी गोष्ट करून पाहिली. पर्यावरणात पाण्याचा धडा होता. दोन बाकांमध्ये फट ठेवली, त्या फटीवर टॅब आडवा ठेवला, कॅमेरा खाली, आणि फरशीवर चार्ट पेपर. मुलांनी कागदाची घरं, नळ, टाकी, बादल्या कापल्या. बादली नखाएवढी सरकवायची, हात काढायचा, एक फोटो. पुन्हा नखाएवढी, पुन्हा फोटो. सगळे फोटो भराभर एकामागून एक लावले की बादली आपोआप चालू लागते.

पहिल्यांदा ती चालली तेव्हा वर्ग किंचाळला. शेजारच्या मिस धावत आल्या.

स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या मुलांच्या फिल्ममध्ये नळ दोन वेळा उघडत होता आणि कपडे धुवायचं मशीन नाचत होतं. पावर हाउस स्टेशनच्या मागच्या वस्तीतून एक मुलगी यायची. कोट्याच्या जागेवर आली होती, फी लागत नव्हती. पहिली, दुसरी, आणि तिसरीचे तीन महिने, ती वर्गात बोललीच नव्हती. हजेरीला हात वर करायची. तिच्या वहीत सगळं नीट लिहिलेलं असायचं, पण वाचायला उभं केलं की ती फळ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहत राही आणि मी तिला बसवून टाकी. लवकर बसवी. उभं राहून सगळ्यांच्या नजरा अंगावर घेणं काय असतं, ते मला माहीत होतं. मी स्वतः इंग्रजी शाळेत पहिलीत असताना बाईंना घरच्या भाषेत काहीतरी विचारलं होतं. काय विचारलं ते आठवत नाही. वर्ग हसला होता, तेवढं आठवतं. तेव्हापासून मी वाक्य आधी मनात पूर्ण करते आणि मग बहुतेक वेळा ते मनातच राहतं.

त्या मुलीच्या फिल्ममध्ये नळ नव्हता. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला बोरिंग, आणि मध्ये लांबच लांब रांग, सगळ्या बादल्यांची. ती एकेक बादली सरकवत होती आणि बाकीची मुलं "हाथ हटा! हाथ हटा!" म्हणून ओरडत होती. एका फोटोत तिचं बोट राहिलं. बादलीच्या कडीला लागलेलं, काळपट नखाचं, अख्खं एक बोट.

"डिलीट कर, डिलीट," एक मुलगा म्हणाला.

"रहने दे," ती म्हणाली. "बाल्टी अपने आप थोड़ी चलती है."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिचा आवाज तोवर वर्गात कोणी ऐकलाच नव्हता. जरा घोगरा, मोठ्या बाईसारखा होता. मी बोट राहू दिलं.

आता फिल्मला बोलणं हवं होतं. वर्गात ती बोलणार नाही हे मला ठाऊक होतं. जिन्याखाली खेळाच्या सामानाची खोली होती; कसरतीच्या गाद्या, बँडचा ढोल, मैदानावर रेघा मारायच्या चुन्याचं पोतं. मी दोन गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या. ती त्यांच्या मध्ये जाऊन बसली, टॅब घेऊन. मी बाहेर, दाराला पाठ लावून बसले. पंखा नाही, नजर नाही. मग ऐकू आलं:

"हमर घर पानी नइ आवय. हमन पानी करा जाथन."

आमच्या घरी पाणी येत नाही. आम्हीच पाण्याकडे जातो. तिनं छत्तीसगढीत, आईजवळ बोलावं तसं सांगितलं. मग आई पहाटेपासून रांगेत कशी असते, बादली ठेवून जाग्यावरून उठलं तर लोक बादली कशी मागे सरकवतात, आणि त्या बादलीवर दाईनं, म्हणजे आईनंच, लाल रिबीन का बांधली आहे. मध्येच थांबली, श्वास घेतला, आणि हसली. ते हसूही रेकॉर्डिंगमध्ये आलं होतं.

त्या संध्याकाळी गाडीत मी आपण होऊन काकूंना सांगितलं. ही माझी चूक. मी आपण होऊन काही सांगत नसे, म्हणून त्यांनाही आनंद झाला. "असं काय! मंग पॅरेंट्स डेले दाखवू न आपण. ट्रस्टचे साहेब येऊन राहिले."

दोन दिवसांनी त्यांनी फिल्म पाहिली, आणि त्याच दुपारी मी स्टाफरूमच्या दारात माझ्या आवाजाचं ते वाक्य ऐकलं.

घरी जाताना सिग्नलला काकू म्हणाल्या, "हे पाय. फिल्म मस्त हाय. पण बोलणं इंग्लिशमंधी पायजे."

मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"चूप कावून बसली? पटलं नाही का तुले?"

"तिनं पहिल्यांदाच…"

"मले समजत नाही का बाप्पा? पण इंग्लिशसाठी लोकं पोरं धाडून राहिले आपल्याकडे. समोर बसून ऐकतीन न, त हासतीन. कोणाले हासतीन? मले नाही. तिले हासतीन. तुले चालते का तसं?"

सिग्नल सुटला. त्यांनी दोन खोल्यांपासून ही शाळा उभी केली होती, त्या खोटं बोलत नव्हत्या. आणि त्या हसण्याचीच भीती घालत होत्या, जी माझ्याजवळ आधीपासून होती. पद्मनाभपुरात उतरेपर्यंत गोष्ट ठरली होती. घरी आई म्हणाली, "काकूनं तुले लावून देल्लं न तिथं? मंग आवाजच त मांगून राहिली, किडनी नाही मांगत." बाबा हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच खोलीत, त्याच दोन गाद्यांच्या मध्ये बसले. गुडघे छातीशी घ्यावे लागले. जागा आठ वर्षांच्या मुलीला पुरणारी होती. तिचं बोलणं मी इंग्रजीत उतरवलं होतं. ते बरोबर होतं आणि त्यात काहीच नव्हतं. रांग होती, बादली होती, पण पाण्याकडे कोणी जात नव्हतं. पाणी नुसतं आणलं जात होतं. पहिल्यांदा मी माझ्या आवाजात बोलले. सर म्हणाले, "मिस, थोडा बच्चे जैसा." मग मी आवाज बारीक केला. ती जिथे थांबली होती तिथे थांबले. तिनं श्वास घेतला तिथे मी श्वास घेतला. शेवटी हसलेसुद्धा.

मला ते चांगलं जमलं. याची लाज मला आजही आहे. शाळेत मी काही इतकं चांगलं केलंच नव्हतं.

काकू ऐकून खूश झाल्या. त्या दिवशी शाळेच्या आवारातच, कोणी नाही असं पाहून, माझ्या पाठीवर थोपटून मराठीत म्हणाल्या, "पाय, बोलली त किती गोड वाटते!" सरांनी जाता जाता बोटाचा फोटोही काढून टाकला. "इसमें उंगली आ गई थी, मिस." मी "थँक यू, सर" म्हटलं.

टॅबमधून तिचा आवाज पुसण्याआधी तो मी माझ्या फोनवर घेतला. कशासाठी ते मला माहीत नव्हतं. घरी इयरफोन लावून ऐकायची, बाहेर आई विचारायची, "कोणासंगं बोलून राहिली?"

तिला मी सांगितलं नाही. रोज हजेरीला ती हात वर करायची आणि मी टिक करायची. दोनदा ती मधल्या सुट्टीत जिन्याखालच्या दाराजवळ उभी दिसली. खोलीला आता कुलूप होतं.

पॅरेंट्स डे शनिवारी दुपारी होता. वरच्या हॉलच्या खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. मी मागे लॅपटॉपजवळ. माझं काम फक्त बटण दाबायचं. तिची आई आली. सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये धुणीभांडी करायची; त्या दिवशी दोन घरं सोडून आली होती, केसांना तेल लावून, घट्ट वेणी घालून. खुर्ची रिकामी असूनही ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.

फिल्म सुरू झाली. बादल्या चालू लागल्या, एकीच्या कडीला लाल रिबीन. आणि माझा बारीक केलेला आवाज हॉलभर झाला.

तिची आई आधी पडद्याकडे पाहत होती. मग तिनं तोंडावर हात घेतला. पुढच्या रांगेतल्या बाईच्या खांद्याला हात लावून ती म्हणाली, "मोर नोनी ए. अंगरेजी बोलत हे." माझी पोर आहे, इंग्रजी बोलतेय. तिनं पिशवीतून फोन काढला आणि शूटिंग करायला वर धरला.

फिल्म संपली तेव्हा टाळ्या झाल्या. ट्रस्टचे साहेब उठून म्हणाले, "बिटिया कौन है? बुलाइए भई." काकू क्षणभर थांबल्या. मला ते दिसलं, कदाचित फक्त मलाच. मग त्यांनी हाक मारली. फिल्म तिनंच केली होती. त्यात खोटं काही नव्हतं.

ती पुढे गेली. साहेबांनी माईक तिच्या हातात दिला. "वेरी गुड, बेटा. एक बार हमको बोलके सुनाओ. वही, पानी वाला."

माईक तिच्या चेहऱ्याएवढा होता. ती हॉलच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहू लागली. माझ्या शेजारी तिच्या आईचा फोन अजून वर होता, त्याच्या चौकटीत ती एवढीशी दिसत होती. "बोल न, बेटी," आई हळूच म्हणाली. कोणीतरी हसलं. मग दुसरं कोणी.

काकूंनी दुसरा माईक घेतला. "थोडी शाय है," त्या गोड आवाजात म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली. पुढची फिल्म लाव.

थोडी शाय है. हे वाक्य पाहुण्यांसमोर, लग्नांत, मुलाखतीत माझ्याबद्दल इतक्यांदा बोललं गेलं होतं की त्याच्या मागे किती वर्षं निघून गेली ते मी मोजलंच नव्हतं. माझं बोट बटणावर होतं. दाबलं असतं तर कपड्यांचं मशीन नाचत पडद्यावर आलं असतं, ती जाग्यावर जाऊन बसली असती आणि पुन्हा कोणी तिला उठवलं नसतं. तिच्या आईनं घरी विचारलं असतं, इंग्रजीत बोल न, आणि ती तिथेही गप्प राहिली असती. खाली काकूंची गाडी उभी होती. चार वाजता मला तिच्यात बसायचं होतं, डबा मांडीवर घेऊन.

लॅपटॉपमधून स्पीकरची वायर मी काढली आणि माझ्या फोनला लावली. पिन दोनदा चुकली. हॉलमध्ये करकर झाली आणि सगळे मागे वळले. मी वाक्य मनात जुळवायला घेतलं, इंग्रजीत, नेहमीसारखं. ते जुळलं नाही. माझ्याजवळ माईक नव्हता, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागलं.

"काकू, थांबा," मी म्हणाले. "वो आवाज मेरी है. इसकी आवाज मैंने हटा दी थी. वो मेरे पास है. अब वो सुनिए."