नदी घ्यावी की ताई

फोटो न काढण्यासाठी पदरचे पैसे घालून कॅमेरा घेतलेला माणूस पाहायचा असेल, तर भद्रावतीला आमच्या भाऊजींकडे एकदा जाऊन या. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात, त्यामुळे चुकीची धास्ती अंगात मुरलेली. डिजिटल कॅमेरे नवे होते तेव्हा त्यांनी खिशात मावेल असा एक घेतला, आणि त्याच्या डोक्यावरच्या चकतीनं त्यांची झोप उडवली. चकतीवर चेहरा, डोंगर, फूल, पळणारा माणूस, चंद्र अशी चित्रं होती. जसा प्रसंग, तसं चित्र, म्हणजे मोड, निवडायचं. एक नुसता हिरवा चौकोनही होता. तिथे कॅमेरा आपलं आपण ठरवतो. त्याच्या वाटेला भाऊजी कधी गेले नाहीत. “क्यामेऱ्यालेच ठरवू द्याचं, तं आपन कायले आहो?” असं ते विचारत.

दुपारी घोरत पडलेल्या मामांचा फोटो त्यांनी पळणाऱ्या माणसावर काढला. मी हसलो तर म्हणाले, “पोट हालून राह्यलं ना त्यायचं!” मे महिन्यात घाम पुसत पुसत चिडायचे, “बर्फाचा मोड आहे, समुद्राचा आहे. चंद्रपूरच्या उन्हाचा काऊन नाई?” शेजारच्या बाळाच्या वाढदिवसाला मेणबत्तीचं चित्र सापडेपर्यंत मेणबत्ती विझली, केक संपला, पाहुणे घरी गेले. मग त्यांनी फुलाच्या मोडवर रिकाम्या ताटलीचा फोटो काढला. ताटली मात्र फारच सुरेख आली आहे. कॅमेऱ्यासोबत आलेलं पिवळं फडकं ते शर्टाच्या खिशात जपत. ताईनं एकदा त्या फडक्यानं चष्मा पुसला, तर घरात दोन दिवस अबोला होता.

या वेडाचं मूळ त्यांच्या लग्नात होतं. फोटोवाल्यानं भर उन्हात कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, रोल वाया गेला, आणि दोघांचा लग्नातला एकही फोटो उरला नाही. ताईला तेव्हापासून एकच हौस होती, दोघांचा एक फोटो भिंतीवर असावा. त्यासाठीच आम्ही एका हिवाळ्यात भामरागडला संगमावर गेलो. कॅमेरा माझ्या हातात होता आणि ताई ठेवणीतलं लुगडं नेसून उभी होती. भाऊजी तिच्या शेजारी जाऊन उभे राहायचे, आणि मी बटण दाबणार तोच चकती फिरवायला परत यायचे.

“नदी घेतो तं तुही ताई बिघडते. ताईले घेतो तं नदी जाते.”

जीपवाला ओरडला, “भाऊ, चला ना! अंधाराच्या आत आलापल्ली गाठा लागते.”

“अजी, नदी मरू द्या!” ताई कळवळून म्हणाली. “लग्नातले गेले ते गेले, हा तरी येऊ द्या. म्हातारी होऊन राह्यली मी.”

“म्हनूनच तं!” भाऊजींनी तिच्या शेजारी जाऊन बोट नाचवलं. “एकडाव गेला ना आपला फोटो? आता मोड चुकला नाई पायजे!”

ताईला एवढ्या रागातही हसू फुटलं. मी गुपचूप चकती हिरव्यावर नेली आणि बटण दाबलं.

भाऊजी धावत आले. “कोन्त्या मोडवर होता?” मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला आणि अंगठा फोटो पुसायच्या बटणाकडे गेला. ताईनं कॅमेरा हिसकावून घेतला. “हात तं लावून पाहा!” माझी गरीब गाय बहीण इतकी चिडलेली मी तोवर पाहिली नव्हती.

आता भाऊजी रिटायर झाले, कॅमेराही कपाटात गेला. फोटो बैठकीत आहे. मागची नदी पांढरीफट्ट, भाऊजींचं तोंड उघडं, बोट वर, आणि ताई मनापासून हसतेय. आल्यागेल्याला भाऊजी अजून सांगतात, “मोड चुकला थोडा.” मागच्या खेपेला मी सकाळी लवकर उठलो, तर ते स्टुलावर चढून त्या फोटोची काच पुसत होते. हातात ते पिवळं फडकं होतं. मला पाहून ते ओशाळले.

“नदी नाईच आली यात,” ते म्हणाले. मग काचेवरून पुन्हा एकदा हलकेच फडकं फिरवत म्हणाले, “पन तुही ताई आली.”