माहेर निघालं ब्रँडनला

माझ्या साडूंइतका प्रवास पृथ्वीच्या पाठीवर कुणी केला नसेल, आणि त्यांच्याइतका कमी प्रवासही कुणी केला नसेल. उभी नोकरी त्यांनी सोलापूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. काचेच्या खिडकीमागे बसून, समोर माईक घेऊन त्यांनी लाखो माणसांना गावोगाव धाडलं आणि स्वतः रोज संध्याकाळी सायकलवरून घरी आले. त्यामुळे प्रवास म्हणजे कुठं जाणं नव्हे, प्रवास म्हणजे वेळापत्रक, अशी त्यांची ठाम समजूत. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, कारण ते तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला सर म्हणतात, कारण मी आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. त्या इंग्रजीनं काय घात केला ते सांगायलाच मी बसलो आहे, पण दाजींबद्दल बोलताना थेट मुद्द्यावर येता येत नाही. ते स्वतःही कधी आलेले नाहीत.

एकदा दुधनीला एका लग्नाला आम्ही दोघं निघालो. फार तर दोन तासांची वाट. दाजींनी तिच्यासाठी एक मुख्य गाडी, दोन पर्यायी गाड्या, आणि सगळंच फिसकटलं तर मैंदर्गीवरून जाणारी एक जीप, असा आराखडा तयार केला. एकेका गाडीला उशीर होईल असं धरत धरत ते मागे सरकत गेले आणि आम्ही लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारीच तिथे पोचलो. मांडवाचे बांबू नुकते उतरवत होते. यजमान कानडीत काहीतरी बोलले. मला कानडी येत नाही हे त्या दिवशी बरंच झालं. मी कपाळाला हात लावून एका पोत्यावर बसलो. दाजींनी मात्र बाह्या दुमडल्या आणि मांडवाची दोरी धरली. म्हणाले, "सर, उद्या उशीर झाला असता तर काय केलं असतं? तवा बसायला पोतं तरी मिळालं असतं का?" दाजींशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही, दमलो मात्र प्रत्येक वेळी आहे.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, लग्न होऊन कॅनडात ब्रँडन नावाच्या लहानशा शहरात राहायला गेली. वस्ती आपल्या अक्कलकोटएवढी, पण जानेवारीत पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. गेल्या श्रावणात तिचा फोन आला. चौथा महिना होता, तारीख जानेवारीतली. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. पण डॉक्टरांनी तिला विमानप्रवासाला मनाई केली होती. आणि माहेर तरी कुठलं उरलं होतं? तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. माझ्या बायकोचे गुडघे जिना चढू देत नाहीत, तिथे कॅनडाची गोष्टच सोडा. पोरगी फोनवर हसत होती, पण "बाबा, सासूबाईंनाही जमणार नाहीये," हे वाक्य तिनं दोनदा म्हटलं. फोन ठेवून दाजींनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "पोरीला येता येत न्हाय ना? मग माहेर तितं जाईल की." माहेर म्हणजे दाजी, एकटेच. मला तेव्हाच धडकी भरली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी ब्रँडन सुरू झालं. रोज सकाळी नऊला दाजींची सायकल आमच्या फाटकाशी लागायची आणि माझा चहा निवून जायचा. त्यांनी एका मोठ्या पुठ्ठ्यावर त्या शहराचा नकाशा काढला. दवाखाना कुठं, पोरीचं घर कुठं, किराणा कुठं, कुठल्या वारी कचऱ्याची गाडी येते, सगळं त्यावर. तिथल्या बसची वेळापत्रकं माझ्याकडून छापून घेतली आणि लाल पेनानं त्यांतल्या चुका काढल्या. एका ठिकाणी दोन गाड्या एकाच वेळी एका थांब्यावर येतात म्हणून ते आठवडाभर अस्वस्थ होते. एकदा फोनवर त्यांनी लेकीला बजावलं की तिच्या घराजवळची बस हिवाळ्यात सात मिनिटं आधी सुटते, तेव्हा जपून. ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडे कार आहे." दाजी म्हणाले, "कार बंद पडली तर?" सोलापूरपासून तिच्या दारापर्यंत त्यांनी प्रवासाचे नऊ टप्पे केले आणि प्रत्येक टप्प्याला दोन-दोन पर्याय काढले. ते सगळे मला पाठ झाले. झोपेतून उठवलं असतं तरी मी सांगितलं असतं की दिल्लीचं विमान चुकलं तर काय करायचं. या वयात डोक्यात असला माल भरून ठेवायची पाळी कुणावर येऊ नये.

मग थंडीचा सराव. सोलापुरात पंधरा-सोळा अंश झाले की लोक कानाला मफलर बांधून शेकोटीला बसतात. सराव करायचा कुठं? दाजींच्या एका जुन्या ड्रायव्हर मित्राचा जावई बेदाण्याच्या शीतगृहात कामाला होता. दिवाळी झाल्यावर एका दुपारी दाजी मला तिथे घेऊन गेले. डोक्याला माकडटोपी, अंगावर दोन स्वेटर आणि त्यावर आपली चादर, अशा थाटात ते बेदाण्याच्या खोक्यावर जाऊन बसले. मला शेजारी बसवलं, कारण एकट्यानं सराव केला तर काही झाल्याचं सांगणार कोण. दहा मिनिटांत माझे दात वाजायला लागले. दाजींनी भिंतीवरचा आकडा पाहिला, चार अंश, आणि शांतपणे म्हणाले, "अजून चौतीस अंश खाली जायचं हाय, सर." मला पुढे आठ दिवस सर्दी होती. दाजींना शिंकही आली नाही. आजारी पडायला त्यांच्या वेळापत्रकात जागाच नव्हती.

पण खरी कमाल पुढेच होती. नुसतं जाऊन भागणार नव्हतं, बाळंतपण करायचं होतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, तेलमालीश, हे सगळं सत्तरीला टेकलेला हा गृहस्थ माझ्या बायकोकडून वही घेऊन शिकला. बाळाला न्हाऊ घालण्याचा तास आमच्या गच्चीवर भरायचा. दाजी पाटावर बसायचे, धोतर गुडघ्यापर्यंत ओढून पाय लांब पसरायचे, आणि पायांवर एक भलामोठा दुधी भोपळा ठेवून त्याला कोमट पाणी घालायचे. माझी बायको खुर्चीत बसून ओरडायची, "दाजी, मान. मान सोडली तुमी." दाजी घाबरून भोपळ्याच्या देठाखाली हात घालायचे. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेल्या पद्मशाली बायका तेलुगूत काहीतरी बोलून हसायच्या. पुढे त्यांतल्या एका म्हातारीला राहवलं नाही. ती आली आणि भोपळ्याला उपडं कसं वळवायचं ते दाखवून गेली. मी हसून हसून बेजार झालो होतो. तेवढ्यात दाजी भोपळा पंच्यानं टिपता टिपता म्हणाले, "हिची आई असती तर मला हे काय ठावं असायचं कारण न्हवतं." मग मला हसता आलं नाही. बायको आत निघून गेली.

आणि मग आला व्हिसाचा अर्ज. हे काम माझं. अर्जासोबत एक पत्र जोडायचं होतं, कशासाठी येणार, किती दिवस राहणार. दाजींनी ते मराठीत सांगितलं आणि मी इंग्रजीत उतरवलं. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. कुणाच्या घरी मुक्कामाला गेलं की पाहुण्यानं आधी सांगायचं असतं, मला काही घाई नाही, मागं कुणाचा खोळंबा नाही, निवांत आलोय. म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर राहत नाही. दाजींनी कॅनडा सरकारला तेच सांगितलं. वर आपली तयारी किती चोख आहे ते कळावं म्हणून त्यांनी घराची आवराआवर मुद्देसूद लिहवून घेतली: दूध बंद केलं आहे, पेपर बंद केला आहे, गॅसची टाकी परत केली आहे, तुळस साडूंकडे पोचवली आहे, सायकल गरजू माणसाला देत आहे, घरात मी एकटाच असल्यामुळे मागं वाट पाहणारं कुणी नाही, तरी माझ्याविषयी निश्चिंत असावं. मी ते सगळं असं काही सुरेख इंग्रजीत लिहिलं की स्वतःच दोनदा वाचलं. शेवटच्या वाक्यावर तर मी खूश होतो. इतकी वर्षं वर्गात शिकवलेल्या भाषेचं चीज झालं असं वाटलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नकार आला. मुक्काम संपल्यावर अर्जदार आपल्या देशात परत जाईल अशी खात्री वाटत नाही, एवढंच त्या पत्रात होतं. मी ते वाचलं आणि त्याच क्षणी मला आमचं पत्र तिकडच्या साहेबाच्या डोळ्यांनी दिसलं. घरदार आवरून, सायकलसुद्धा देऊन टाकून निघालेला, मागं कुणीही नसलेला म्हातारा. एक ओळ जरी मी शहाणपणानं गाळली असती तरी चाललं असतं. दाजींना अर्थ सांगितला. त्यांची बॅग दसऱ्यापासून भरलेली होती, लाडवांचा डबा चिकटपट्टी लावून बंद केला होता. ते म्हणाले, "म्हंजी मी पळून जाईन असं वाटलं व्हय त्यास्नी?" मी म्हटलं, "दाजी, चूक माझी आहे. मी इंग्रजीचा मास्तर, मला कळायला हवं होतं." ते म्हणाले, "तुमी कशाला? मी खरं सांगितलं, तुमी खरं लिवलं." नऊ टप्पे, अठरा पर्याय, आणि दारातच सगळं संपलं. इतका लाजिरवाणा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

जानेवारीत, सोलापुरात संक्रांतीची गड्ड्याची यात्रा भरली होती तेव्हा, मुलगी झाली. बाळंतीण एकटीच होती, जावई तेवढा जवळ. दाजी आमच्या घरी मोबाइलसमोर ताठ बसून राहिले. चार-पाच दिवसांनी जावयांनी बाळाला न्हाऊ घातलं ते त्यांनी व्हिडिओवर पाहिलं. त्यांचा हात नुसता हवेत पुढे होत होता. "मान, जावईबापू. मानंखाली हात." पडद्यावर भाची रडत होती, आणि बाळंतिणीनं रडू नये म्हणून दाजी तिला रागावत होते, स्वतःचं नाक पंच्यानं पुसत.

फेब्रुवारीत ते पुन्हा आले. म्हणाले, "सर, परत अर्ज करू. जावळाला तरी जाईन." मी लॅपटॉप उघडला. या खेपेला मी शहाणा झालो होतो. म्हटलं, "दाजी, आता एकच गोष्ट लिहायची. तुम्ही परत का येणार? तुमचं इथं काय आहे ते सांगा."

ते विचार करू लागले. गावाकडची, मंद्रूपची शेती कधीच भावांकडे गेली. बसस्थानकावर आता त्यांना ओळखणारं कुणी नाही. दोस्त एकेक करून गेले. "घर हाय की," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "पर घर काय वाट बगतंय व्हय." बोटांवर मोजायला हात वर घेतला होता, तो तसाच मांडीवर ठेवला. प्रत्येक गोष्टीला दोन पर्याय काढणारा हा माणूस परत यायला एक कारण शोधत होता आणि त्याला ते सापडत नव्हतं. मला ते बघवेना. मी मान खाली घालून टाइप करायला लागलो.

"काय लिवलं?" त्यांनी विचारलं.

मी मराठीत सांगितलं. "सोलापुरात माझे एक साडू आहेत. मी रोज सकाळी नऊला त्यांच्याकडे जातो. मी गेलो नाही तर त्यांचा दिवस सुरू होत नाही."

दाजींनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "असलं लिवून साहेब व्हिसा देतोय व्हय?"

"बहुतेक नाही देणार."

"मग खोडा की."

मी खोडलं नाही. त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही.

अर्ज जाऊन दोन महिने झाले. पोरीचं बाळ आता हसायला लागलं आहे, आवाज ओळखतं. दाजी नऊला येतात, पायरीवरूनच विचारतात, "आलं का काही?" मी नाही म्हणतो. त्यांना व्हिसा मिळावा असं मला मनापासून वाटतं, त्यासाठी मी देवाला हात जोडतो. आणि तरीही रोज ते 'नाही' म्हणताना, आज हा माणूस कुठं जात नाही, समोर बसून चहा पिणार आहे, या विचारानं मला क्षणभर बरं वाटतं. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.